ठकीला कशावरून कळतं

आमच्या घरात जेवताना हमखास एकच वाद पेटतो: कुणाला काय कळतं. इतर घरांत तो माणसांवरून होत असेल. आमच्याकडे तो आधी एका ऑक्टोपसवरून होतो, मग एका यंत्रावरून, आणि माणसांची पाळी येईपर्यंत भाजी गार झालेली असते.

ऑक्टोपस नवऱ्याचा. तो मत्स्यालयात कामाला आहे आणि तिथल्या एका मोठ्या टाकीत राहणाऱ्या तिरसट मादीची सगळी बडदास्त त्याच्याकडे आहे. तिला सगळे बाईसाहेब म्हणतात. बाईसाहेब बरणीचं झाकण फिरवून आतला खेकडा काढतात, आवडत्या माणसाच्या मनगटाला हात गुंडाळून बसतात आणि नावडता माणूस दिसला की नेम धरून त्याच्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारतात. नवऱ्याच्या मते बाईसाहेबांना सगळं कळतं.

"तिची निम्म्याहून जास्त अक्कल हातांत असते," तो घास हातात धरून सांगतो. "डोक्याला न विचारता हात आपला आपण निर्णय घेतो."

"तुझ्या हातांना थोडी आली असती, तर माझा कपांचा सेट अजून पुरा असता," सासूबाई म्हणतात.

यंत्र माझं. म्हणजे कंपनीचं, पण डोक्याला ताप माझ्या. माणसासारखं बोलणारा, चित्रं बघून उत्तरं देणारा तो एक प्रोग्रॅम आहे, आणि त्याला खरंच कळतंय की नुसता अंदाज ठोकतोय, हे शोधून काढणारे प्रश्न रचायचं माझं काम. एकदा आम्ही त्याला चित्रांवरचे प्रश्न दिले. टोपलीत काय आहे, कुत्रा टेबलाखाली आहे की टेबलावर, मुलगा कशामुळे रडतोय. पठ्ठ्यानं भराभर बरोबर उत्तरं दिली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. दुपारी लक्षात आलं की चित्रं जोडायचीच राहून गेली होती. एकही चित्र न बघता त्यानं नुसत्या आमच्या बोलण्यावरून ताडलं होतं: टोपलीचं विचारताहेत म्हणजे फळं असणार, कुत्रा आहे म्हणजे टेबलाखालीच असणार. तेव्हापासून आमच्या खोलीत कुणी "बरोबर आलं!" म्हणून ओरडलं, की बाकीचे माना वर न करता विचारतात, "कशावरून?"

"हेच तर म्हणतोय मी," नवरा म्हणतो. "तुझ्या यंत्राला कळत काहीच नाही. हुशारीचं सोंग आहे ते."

"आणि तुझ्या बाईसाहेबांचं सोंग नाही, हे कशावरून?"

"यंत्राला नाही कळत, त्या जनावराला नाही कळत आणि तुम्हां दोघांनाही नाही कळत," सासूबाई निकाल देतात. "पोरीच्या ताटातलं संपलंय, ते कुणाला दिसतंय का?"

पोरगी म्हणजे ठकी. नाव सासूबाईंनी ठेवलं, लाकडी बाहुलीसारखी गुबगुबीत आणि गप्प म्हणून. ठकी तीन वर्षांची व्हायला आली होती आणि बोलत नव्हती. "आ" म्हणजे मी, "बा" म्हणजे बाबा, "दू" म्हणजे दूध, आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी एक बोट. बाकी मूल इतकं शांत, की शेजारीण दर वेळी दारातूनच म्हणायची, "नशीबवान हो तुम्ही." मिक्सर सुरू असला तरी ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मांडी घालून डुलक्या काढायची. सासूबाई अभिमानानं पाहुण्यांना दाखवायच्या.

मला मात्र कशाचाच अभिमान वाटत नव्हता. मला फक्त काळजी वाटत होती, आणि ती मी फारच मन लावून करत होते. ठकीच्या वयाची मुलं खालच्या बागेत "मला पण घ्या ना" म्हणायची, तेव्हा मी घसरगुंडीआड उभी राहून फोनवर शोधत असायची: मूल उशिरा बोलणं कारणे. फोन एका पानावर म्हणायचा, घाबरू नका. पुढच्या पानावर जे लिहिलेलं असायचं, ते वाचून घाबरायचं नाही तर काय करायचं? एक सल्ला मात्र सगळीकडे होता: मुलाशी बोलताना त्याच्या उंचीवर खाली बसा, डोळ्यांत डोळे घाला, चेहऱ्यावर हावभाव आणा. तो सल्ला मी इतका मनावर घेतला, की "दूध पितेस का?" एवढं विचारायलाही मी गुडघ्यांवर बसायची आणि दूध हा जणू जगातला सगळ्यात आनंदाचा शोध असल्यासारखा चेहरा करायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तोंडाला पेटके येतील तुझ्या."

मग बालवाडीचं निघालं. मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बोलत नसली तरी घेऊ आम्ही. बोलतात मुलं हळूहळू. पण सांगितलेलं समजतं ना, एवढं तेवढं तपासून घ्या. समजत नसेल, तर आमच्याकडे तिचे हाल होतील. तिच्यासाठी वेगळी शाळा बघावी लागेल."

शाळा वेगळी असो की हीच असो, त्याचं मला काही नव्हतं. "समजतं ना?" हा प्रश्न मात्र घरी आल्यावर माझ्या मागे मागे फिरायला लागला. यंत्राबद्दल मी तो दिवसभर विचारते आणि त्याचे पैसे घेते. ठकीबद्दल तो दुसऱ्या कुणी विचारल्यावर मी नुसती मान हलवून घरी आले होते.

म्हणून मी तयारी सुरू केली. चित्रांची कार्डं आणली. छत्री, बूट, चमचा, कंगवा, हत्ती. रोज संध्याकाळी चटईवर मांडायची, समोर गुडघ्यांवर बसायची, डोळ्यांत डोळे घालायची. "ठके, छत्री कुठाय? छत्री दाखव बरं आईला!" ठकी माझ्याकडे बघायची, मग कार्डांवरून हात फिरवायची, आणि हात छत्रीवर जाऊन थांबायचा. दर वेळी. मी टाळ्या वाजवायची. नवरा आतून ओरडायचा, "आली का छत्री?"

"आली!"

"मग उगाच जीव कशाला काढतेस? तिला सगळं कळतं."

"कळणारच," सासूबाई म्हणायच्या. "नात कुणाची आहे?"

कामावर असते, तर त्या क्षणी मी काय विचारलं असतं, ते मला तोंडपाठ होतं. घरी ते एकदाही तोंडात आलं नाही.

तपासणीच्या दिवशी नवऱ्यानं रजा काढली. बाईसाहेबांना दुसऱ्याच्या हातचं आवडत नाही म्हणून तो सकाळी आधी त्यांना खेकडा देऊन आला होता आणि त्याच्या शर्टाला समुद्राचा वास येत होता. खोली छोटी, भिंतीला पिवळा रंग, मध्ये गुडघ्याएवढं टेबल आणि बाहुल्यांना शोभतील अशा खुर्च्या. तपासणाऱ्या मॅडम माझ्याच वयाच्या, केस पेन्सिलीनं वर बांधलेले. मला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. "आई दिसली की मुलं खुलतात," त्या म्हणाल्या. ठकी समोर. नवरा मागच्या बाकावर, समुद्रासकट.

मॅडमनी खऱ्याखुऱ्या वस्तू मांडल्या. "चमचा दे बाळा." ठकीनं माझ्याकडे पाहिलं आणि चमचा दिला. "चेंडू?" चेंडू दिला. "आता बाहुलीला झोपव." झोपवली. मॅडमच्या मानेची समाधानी हालचाल सुरू झाली. मागून नवऱ्यानं माझ्या पाठीला बोट टोचलं, म्हणजे बघ, मी म्हणत नव्हतो?

तेवढ्यात मला शिंक आली. मी रुमालात तोंड लपवलं, आणि मागोमाग दुसरी येणार की नाही अशा बेतात ती अडकून राहिली, म्हणून रुमाल तसाच धरून बसले. मॅडम म्हणाल्या, "कंगवा दे." रुमालाच्या कडेवरून मला टेबलाचा तेवढा तुकडा दिसत होता. ठकीचा हात वस्तूंवर आला आणि हवेतच थांबला. खाली जाईना, मागेही येईना. शिंक गेली. मी रुमाल काढला. ठकीनं माझ्याकडे पाहिलं, आणि हात अलगद कंगव्यावर उतरला.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. त्या पुढची वस्तू शोधायला पिशवीत वाकलेल्या होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं.

मला दिसलं होतं. दुसऱ्या कुठल्या आईला दिसलं नसतं कदाचित, पण मला असल्या गोष्टी बघायचाच पगार मिळतो.

पुढचा प्रश्न आला: "पेला दे." मी पेल्याकडे बघितलं नाही. मी बुटाकडे बघितलं, भुवया उंचावल्या, आणि आपला नेहमीचा आनंदाचा चेहरा केला. ठकीनं काही शंका न घेता बूट उचलला आणि मॅडमच्या हातात ठेवला.

"चालायचंच," मॅडम हसून म्हणाल्या. "एखादं चुकतंच. बाकी उत्तम आहे हो तुमची मुलगी. काही काळजी नको. शाळेत कळवते मी."

झालं होतं. ज्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता, ते उत्तर मिळालं होतं. उठायचं, चपला घालायच्या, वाटेत ठकीला फुगा घ्यायचा. मी उठले नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "हिला चमचा कळत नाहीये. हिला मी कळतेय."

"म्हणजे?"

"माझ्या तोंडाकडे बघून देते ती. आत्ता मी मुद्दाम बुटाकडे पाहिलं."

मागचा बाक करकरला. "अगं," नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "झालंय ना सगळं? त्या म्हणताहेत ना उत्तम? आता कशाला उकरतेस?"

"उत्तम कशावरून?" मी म्हटलं.

मॅडमनी आळीपाळीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. मुलीला नापास करा म्हणून भांडणारी आई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. "बरं," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर थांबा. दाराच्या काचेतून तुम्हांला दिसेल, तिला तुम्ही दिसणार नाही."

काचेत आम्हां दोघांचं मिळून एक नाक मावत होतं. आळीपाळीनं बघायचं ठरलं, पण मी पाळी सोडली नाही. आत मॅडम काहीतरी म्हणाल्या. ठकीनं आधी मी बसले होते त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिनं मोहरा मॅडमकडे वळवला, शांतपणे, डोळे मोठे करून, आणि चेंडू दिला. पुन्हा काहीतरी. चमचा दिला.

"देतेय की!" नवरा म्हणाला.

"थांब."

मॅडमनाही संशय आला असावा. त्यांनी कपाटावरचा मोठा पुठ्ठा घेतला आणि आपल्या तोंडासमोर धरला. पुठ्ठ्याआडून बोलल्या. ठकी बसून राहिली. मग डावीकडे कलली, पुठ्ठ्यामागे बघायला. मग उजवीकडे. मग उठली, टेबलाला वळसा घालून गेली, दोन्ही हातांनी पुठ्ठा खाली ओढला, मॅडमचा चेहरा नीट पाहून घेतला, परत आपल्या जागेवर येऊन बसली आणि पेला उचलून दिला.

मॅडम खो खो हसल्या. नवराही हसला. मग मॅडम हसायच्या थांबल्या. त्या उठून ठकीच्या मागे गेल्या आणि साध्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या ओठांवरून मला कळलं: ठकी. पुन्हा म्हणाल्या. ठकी चेंडूशी खेळत होती. तिची मान जराही हलली नाही.

दार उघडलं. "हिचे कान तपासलेत?"

"जन्मल्या जन्मल्या," मी म्हटलं. "चांगले होते."

"आणि त्यानंतर?"

"टाळी वाजवली की वळते ती," नवरा म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता.

कानाच्या डॉक्टरांनी दिवा घालून बघितलं, एका यंत्रानं काहीतरी मोजलं आणि आम्हांला सांगितलं, ते इतकं साधं होतं की मी दोनदा विचारून घेतलं. पडद्यामागे पाणी साचलं होतं, गोंदासारखं घट्ट. सर्दी झाली की साचतं, मुलांना पुष्कळ होतं. "टाळी ऐकू येते हो. शब्द नाही ऐकू येत. पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं नुसतं गुणगुण." एक बारीकशी नळी बसवायची, की पाणी निघून जाईल.

"पाण्याखालून," नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला. "म्हणजे इतके दिवस ही माझ्याच खात्यात होती, आणि मला पत्ता नाही."

मी मागे ठकीला मांडीवर घेऊन बसले होते. रडू येत होतं, आणि त्याच वेळी मला तिचा भयंकर हेवाही वाटत होता. हिच्या कानांपर्यंत शब्द पोचतच नव्हते, तरी हिनं आम्हां तिघांच्या भुवया, माना, बोटं आणि नजरा यांची मिळून एक अख्खी भाषा बसवली होती, आणि ती इतकी सफाईनं बोलत होती, की आम्हांला वाटत होतं ती आमचीच आहे. माझ्या यंत्राकडे नुसते शब्द असतात, बाकी जग नसतं. हिच्याकडे सगळं जग होतं, फक्त शब्द नव्हते. दोघंही बरोबर उत्तरं देत होते. आणि समजतं की नाही, एवढाच एक प्रश्न मी दोघांना लावत बसले होते.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "मिक्सर! अगं, मिक्सर लागलेला असताना झोपायची ती. आणि मी मेली येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते!" मग ठकीला जवळ ओढून, तोंड तिच्यासमोर आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आजीचं – चुकलं – हो." ठकीनं त्यांच्या कपाळावर हात मारून दाखवला. कळलं होतं तिला.

नवऱ्याला त्या दिवसापासून बाईसाहेबांबद्दल भलताच संशय येऊ लागला. त्यांना दोन रंगांच्या चकत्यांतून योग्य चकती ओळखता येते, असं तो छातीठोक सांगत असे. आता त्यानं टाकीसमोर पडदा लावला, स्वतः मागे लपला आणि काठीनं चकत्या पुढे केल्या.

"मग?" मी संध्याकाळी विचारलं. "ओळखली?"

"तिनं पडदाच टाकीत ओढून घेतला."

"म्हणजे ओळखली की नाही?"

"ते तिलाच विचारावं लागेल," तो म्हणाला. शर्ट पिळताना त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

नळी बसली. गुंगी उतरल्यावर ठकीनं डोळे उघडले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे कानांवर हात ठेवले. पुढचे काही दिवस तिनं आमच्यावर राग धरला. नळ सोडला की दचकायची. प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली की माझ्याकडे अशी बघायची, की ही सगळी तुझीच कारस्थानं आहेत. मिक्सर लागला की ओरडत दुसऱ्या खोलीत पळायची, आणि सासूबाईंना त्याचा इतका आनंद व्हायचा, की वाटायचं काही नसताना त्या मिक्सर लावायच्या. मग शब्द यायला लागले. बूट. नको. आजी. परत नको. "नको" तिला फार आवडला. सारखा वापरून बघायची, नवीन खेळणं असल्यासारखा.

तपासणाऱ्या मॅडमनी मुख्याध्यापिकाबाईंना स्वतः फोन केला. काय बोलल्या ते बाईंनी मला नंतर सांगितलं: "म्हणाल्या, हिला समजतं का असं विचारू नका. हिच्यासमोर उभ्या राहून बोला, आणि चेहरा जपून ठेवा."

चेहरा जपून ठेवायचा सराव मी घरी सुरू केला. आता तिनं शब्दांवर विसंबायला शिकायचं होतं, म्हणून मी तिच्याशी बोलताना तोंड कोरं ठेवायची. सासूबाई म्हणाल्या, आधीचीच बरी होतीस, आता बँकेतल्या खिडकीसारखी दिसतेस.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी. निम्मी मुलं रडत होती, उरलेली निम्मी रडणाऱ्यांकडे बघून रडायच्या बेतात होती. ठकी रडत नव्हती. तिनं माझं बोट धरलं होतं आणि एकेका आईचा चेहरा ती निरखून बघत होती. आतून वर्गाच्या ताई पुढे आल्या, खाली वाकल्या, नीट समोरून म्हणाल्या, "येतेस ना आत?"

ठकीनं माझ्याकडे वर पाहिलं. तिच्या मनात काय चाललंय, ते मला माहीत होतं. जायचं की नाही, ते ती माझ्या तोंडावरून ठरवणार होती, आणि माझ्या तोंडाचं काय होऊन बसलं होतं, ते मला आरशाशिवाय कळत होतं. मी घाईघाईनं गुडघ्यांवर बसले. चेहरा कोरा केला. आवाज शक्य तितका मोकळा केला.

"जा हं ठके. मजा येईल. आईला मुळीच रडू येत नाहीये."

ठकीनं ऐकलं. खरंच ऐकलं, मान थोडी कलती करून. मग तिनं माझ्या भुवया बघितल्या, हनुवटी बघितली, डोळे बघितले. पुन्हा एकदा तेच शब्द मनात घोळवत असल्यासारखी थांबली. तिच्याकडे आता दोन्ही होतं, आणि त्या दोन्हींचं एकमेकांशी जमत नव्हतं. कपाळावर एक बारीकशी आठी आली, आणि मग ती सुटली.

"खोटं," ठकी म्हणाली.

हा शब्द तिला कुणी शिकवला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. सासूबाई नवऱ्याचं नाव घेतात, नवरा सासूबाईंचं.

ताई हसायला लागल्या. ठकीनं एका हातानं माझा गाल थोपटला, दुसरा हात ताईंच्या हातात दिला आणि मागं न बघता आत गेली. खोटं उघडकीला आलंच होतं, ते निभावत बसण्यात काही अर्थ नव्हता. फाटकाचे गज धरून मी मनसोक्त रडून घेतलं.